मडके कुणाच्या गळ्यात?

वाशिमला बसून सवी सावरकरांची चित्रे मी छापील प्रतींतच पाहिली, हे आधी सांगतो. १९६१ साली नागपुरात जन्मलेल्या, बडोद्यात मुद्राचित्रण शिकलेल्या आणि पुढे दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये अध्यापन केलेल्या या चित्रकाराने पेशवाईतला अस्पृश्य एचिंगमध्ये रेखला : गळ्यात मडके, सोबत झाडू. अपमानाच्याच खुणा पुन्हा कशाला काढायच्या, हा आक्षेप मलाही बरेच दिवस पटत होता. आता पटत नाही. एचिंगमध्ये सुई फक्त धातूवरचा लेप खरवडते. उघडी पडलेली रेघ आम्ल खाते. ही रेघ जखमेसारखीच घडते. सावरकरांनी स्वतःची ओळख शोधताना ते मडके लपवले नाही; त्यातली लाज मूळ मालकाला परत केली.