शिशाचे मापन आणि 'भाजी' या शब्दाचा अर्थ

अन्नावाटे शरीरात जाणाऱ्या शिसे, कॅडमियम इत्यादी विषारी धातूंचे मापन वरवर पाहता सोपे आहे. पदार्थातील धातूचे प्रमाण प्रयोगशाळेत काढावयाचे आणि खाल्लेल्या वजनाने त्यास गुणावयाचे. यांपैकी पहिला अंक उपकरण देते. दुसरा बहुधा प्रश्नोत्तरांतून, म्हणजे भाषेतून येतो. पहिल्याच्या सूक्ष्मतेचा जेवढा गौरव होतो, तेवढी दुसऱ्याची चिकित्सा होत नाही, हा या पद्धतीचा मुख्य दोष होय.

१९७२ साली स्थापन झालेल्या नॅशनल न्यूट्रिशन मॉनिटरिंग ब्यूरोने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत चोवीस तासांच्या आहारस्मरणाची पद्धत वापरली. प्रमाणित वाट्या दाखवून आदल्या दिवशीचे अन्न विचारण्याची ही रीत अल्पखर्ची असून उष्मांक व प्रथिने यांच्या अंदाजास उपयुक्त ठरली. ज्वारी, तांदूळ, डाळ हे नित्याचे पदार्थ सहसा विसरले जात नाहीत. धातूंची गोष्ट निराळी. एखाद्याच पदार्थातून त्यांचा मोठा अंश येऊ शकतो. तोच निसटला तर सारी बेरीज फसवी ठरते.

छत्रपती संभाजीनगरमधील खाम नदीत शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे मिसळत आले आहे. तशा पाण्यावरील पालेभाजीची तपासणी करणाऱ्यास 'भाजी' हा शब्दच प्रथम अडवितो. मराठीत मंडईतील जुडीही भाजी आणि ताटातील शिजलेला पदार्थही भाजीच. कच्च्या मेथीत कोडेक्सच्या कमाल मर्यादेइतके, किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, शिसे आहे असे समजू. १०० ग्रॅम शिजलेल्या भाजीस २०० ग्रॅम पाला लागला, पाणी टाकले नाही आणि गणकाने १०० ग्रॅमच धरले, तर ६० मायक्रोग्रॅमचे ३० होतात. चूक उपकरणाची नव्हे, शब्दार्थाची आहे.

'काल काय जेवलात?' हा प्रश्नही सदोष आहे. 'जेवण' म्हणजे दोन वेळचे ताट. चहा आणि फराळ त्यात मोडत नाहीत. डोहाळ्यांच्या दिवसांत माती खाणारी स्त्री ती माती जेवणात सांगणार नाही. मात्र मातीत शिसे असल्यास त्याचा परिणाम गर्भापर्यंत पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने शिशाची साप्ताहिक सह्य मर्यादा २०१० मध्ये मागे घेतली; सुरक्षित म्हणता येईल अशी नवी मर्यादा तिला ठरविता आली नाही. म्हणून येथे निसटलेला अल्प अंशही क्षुल्लक मानता येत नाही.

खाल्लेल्या अन्नाइतकाच दुसरा वाटा बाजूला काढून त्याचे पृथक्करण करणे, हा अधिक विश्वसनीय मार्ग आहे. परंतु तो खर्चिक आहे, आणि जे खाणे सांगितलेच जात नाही त्याचा वाटाही कोणी काढीत नाही. तेव्हा कच्चे व शिजलेले यांचा भेद करणारी, जेवणे, खाणे, पिणे व चघळणे स्वतंत्रपणे विचारणारी, त्या त्या गावच्या बोलीत आधी पारखलेली प्रश्नावली हाच मापनाचा पहिला टप्पा मानला पाहिजे. तराजूप्रमाणे शब्दांचेही प्रमाणीकरण झाल्याशिवाय दशांशचिन्हापुढील अंकांना अर्थ येत नाही.