‘शीतरक्ताचे मासे’ : एका रूढ संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना :
प्राणिशास्त्राच्या अध्यापनात काही विधाने इतकी रुळलेली असतात की ती तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. ‘मासे हे शीतरक्ताचे प्राणी होत’ हे त्यांपैकीच एक. विद्यार्थी ते लिहितो, परीक्षक गुण देतो. प्रस्तुत लेखकानेही असे गुण दिलेले आहेत. या विधानामागे दोन गैरसमज दडलेले आहेत. पहिला माशाच्या तापमानाविषयीचा. दुसरा, एका जातीचे सारे मासे एकसारखेच असतात हा. यांतील दुसरा अधिक हानिकारक आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

संज्ञेतील दोष :
मराठवाड्यात मे महिन्यात तलावाचे उथळ पाणी तापते, तेव्हा त्यातील माशाचे रक्तही तेवढेच तापते. त्यास ‘शीत’ म्हणणे अयथार्थ होय. ‘अनियततापी’ ही मराठी परिभाषेतील संज्ञा वस्तुस्थितीस अधिक जवळची आहे. माशाचे रक्त प्राणवायूसाठी कल्ल्यांत पाण्याच्या अगदी निकट येते आणि तेथेच शरीरातील उष्णता पाण्यात निघून जाते. तथापि मासा अगदीच अगतिक नसतो. पाण्याचा खोल थर, सावली वा प्रवाह शोधून तो आपणास मानवणारे तापमान निवडतो.

या नियमास अपवादही आहेत. कोकणच्या बाजारात येणारा कुप्पा (ट्यूना) विरुद्ध दिशांनी वाहणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यामुळे स्नायूंतील उष्णता राखून ठेवतो. या कुळातील माशाचे शरीर पाण्याहून सुमारे १० अंश सेल्सियसने उष्ण असल्याची नोंद जॉन डेव्ही यांनी १८३५ मध्येच केली होती. ओपाह हा मासा तर हृदयासह सर्व शरीर उबदार ठेवतो, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले.

जातीअंतर्गत भिन्नता :
पाठ्यपुस्तकातील तक्त्यात एका जातीपुढे तापमान-सहनशीलतेचा एकच आकडा असतो. वास्तविक हळूहळू उष्ण पाण्यास सरावलेला मासा, थंड पाण्यात वाढलेल्या स्वजातीय माशापेक्षा अधिक उष्णता सोसतो. हा झाला सरावाचा भाग. काही फरक वंशगतही असतात. कॅनडातील फ्रेझर नदीतील सॉकाय सामन या एकाच जातीच्या निरनिराळ्या समूहांची उष्ण पाण्यातील कार्यक्षमता भिन्न असून ती त्यांच्या स्थलांतरमार्गाच्या परिस्थितीशी जुळणारी आहे, असे २०११ मधील संशोधनाने दाखविले.

महसीरचा धडा :
ही भिन्नता दुर्लक्षिल्यास काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून ‘खुद्री’ महसीरचे वर्णन केले. पुढे लोणावळ्याच्या टाटा केंद्रात या माशाचे यशस्वी प्रजनन झाले आणि तेथील बीज इतर राज्यांतही गेले. हे कार्य निश्चितच गौरवास्पद होते. परंतु हेच बीज कावेरीतही सोडले गेले. ‘शेवटी महसीर तो महसीर’ ही धारणा त्यामागे असावी. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर मात्र इतर कारणांबरोबर या पाहुण्यामुळेही मागे पडला. त्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित झाली ती २०१८ मध्ये, आणि तोवर तो अतिसंकटग्रस्त झालेला होता. ज्यास केवळ स्थानिक रूप मानले, ती स्वतंत्र जातीच निघाली.

निष्कर्ष :
देवगाव रंगारी परिसरातील शिवना नदीचे पाणी अखेर गोदावरीस मिळते. या खोऱ्यातील तलावांत सोडले जाणारे रोहू, कटला व मृगळ हे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे. मोजक्या जनक-माशांपासून तयार केलेले बीज वर्षानुवर्षे सर्वत्र सोडल्यास भिन्नतेचे भांडवल आटते. आणि पाणी अधिक तापू लागेल तेव्हा उपयोगी पडणारे भांडवल तेच असेल. एकाच आकड्यावर विसंबून बीज निवडणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यावर महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोगे उपाय साधे आहेत. ‘शीतरक्ती’ ही संज्ञा उत्तरपत्रिकेत पूर्ण गुणांस पात्र मानू नये. प्रात्यक्षिकात जवळच्या तलावातील पृष्ठभागाचे व खोलीवरचे तापमान सकाळ-दुपार नोंदवावे. तसेच एकाच जातीचे किमान वीस मासे मोजून त्यांतील फरक विद्यार्थ्यांस मांडावयास लावावेत. सरासरी काढणे आपण शिकवितोच. सरासरीत काय हरवते, हेही शिकविणे आवश्यक आहे.