उबदार की जवारीदार?

होम स्टुडिओवाल्यांच्या बोलण्यात सध्या ‘वॉर्म्थ’ हा शब्द फार आहे. कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलेला आवाज कोरडा वाटतो, मग तो ट्यूबच्या डब्यातून काढा, थोडं डिस्टॉर्शन द्या, ऊब येईल. जुन्या मराठी गाण्यांच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही ऊब मला हटकून भेटते आणि बऱ्याचदा खटकते. मुळात शब्दच बघा. मी जालन्याचा. इथे मे महिन्यात ‘उबदार’ ही कुणाची स्तुती होऊच शकत नाही. मराठीत आवाज गोड असतो, खडा असतो, पहाडी असतो, जवारीदार असतो. उबदार असते ती गोधडी.

ही ऊब आली कुठून असं विचारलं, तर बोट जुन्या रेडिओकडे जातं. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, 56 गाणी, वर्षभर. घरातले रेडिओ तेव्हा व्हॉल्व्हचे, म्हणजे आपण ज्यांना ट्यूब म्हणतो त्यांचेच. तो आवाज गोल होता, असं ऐकणारे सांगतात. खरंच असणार. पण मीडियम वेव्हवरून येऊन त्या रेडिओतून बाहेर पडेपर्यंत साधारण 5000 हर्ट्झच्या वरचा बराचसा भाग गळून जायचा. उरलेला आवाज लाकडी पेटीतल्या एका स्पीकरमधून यायचा. म्हणजे ती गोलाई बरीचशी वजाबाकीची होती.

ट्यूब डिस्टॉर्शन करतं बेरीज. 200 हर्ट्झचा सा ट्यूबला जरा जोरात दिला की ती लाट एका बाजूने दबते आणि 400 चा तार सा तिच्यात मिसळतो. आणखी जोर दिला की 600 चा तार पंचमही ठळक होतो. मूळ सुराशी नातं सांगणारेच सूर, म्हणून आवाज भरीव वाटतो. पण हे नवे सूर वरच्या बाजूचे आहेत. एका ‘वॉर्म’खाली आपण दोन उलट गोष्टी विकत घेतोय. (विकत घेण्यावरून आठवलं : 12एएक्स7 ही ट्यूब डेटाशीटमध्ये 250 व्होल्टवर चालवून दाखवलेली असते. काही स्वस्त डब्यांत ती याच्या अंशभर व्होल्टेजवर चालते आणि मागे नारिंगी एलईडी लावलेला असतो. ऊब दिसावी म्हणून.)

आपल्याकडे ही बेरीज फार आधीपासून होतेय, आणि तीही विजेशिवाय. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून जवारी काढतात. तार आणि घोडीमध्ये सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा सापडली की तारेतून वरचे सूर उमलायला लागतात. गंमत अशी की दोरा प्रत्येक तारेला वेगळा. एकीची जवारी दुसरीच्या सुरात ढवळाढवळ करत नाही.

ट्यूबला हा विवेक नाही. तिच्यात दोन सूर एकत्र गेले की त्यांची बेरीज-वजाबाकीही बाहेर येते. 200 चा सा आणि 300 चा पंचम दिला, तर 100 आणि 500 मिळतात : खर्जातला सा आणि तार गंधार. सुंदर! पण सा आणि 225 चा रिषभ एकत्र द्या. 25 आणि 425. पंचवीस म्हणजे नुसती थरथर, आणि 425 आपल्या सा-रेच्या मध्ये कुठेतरी लटकलेला.

म्हणूनच भजनावरचा प्रयोग मला सहन होत नाही. आमच्या भागातल्या एका मंडळाचं एकाच फोनवर केलेलं रेकॉर्डिंग मित्राने ‘ट्यूब’ लावून पाठवलं. बुवांचा आवाज पहिल्या ओळीत, एकटा असताना, खरंच उजळला होता. मग पेटी आली, पखवाज आला, मागचे गळे आले आणि टाळ सुरू झाले. टाळाचे उपसूर मुळातच कुठल्या सप्तकात न बसणारे. त्यांची बुवांच्या सुराशी झालेली बेरीज-वजाबाकी म्हणजे गढूळ पाण्यात वाळू. शब्द बुडाले. आणि भजनात शब्द बुडाला तर मागे काय उरतं?

मित्राचं म्हणणं, पण फील आला ना! जुनेपणाचा फील आला, हे मान्य. पण ती माणसं आज गातायत, त्यातल्या दोघांचं वय पंचविशीच्या आत आहे. त्यांना 1955 चं का करायचं?

ट्यूबला माझा विरोध नाही. बुवांना वेगळा माईक, पेटीला वेगळा, टाळ लांब ठेवलेले. मग बुवांच्या एकट्या ट्रॅकला हवी तेवढी ट्यूब द्या, दोरा सरकवतात तशी, हळूहळू. त्या मंडळाचं पुढचं रेकॉर्डिंग एकादशीला आहे. आम्ही तीन माईक जमवलेत, चौथा अजून मिळायचाय.