किल्ल्यातील झाडलोट : अद्भुत, विनोद आणि घरकाम

डायना विन जोन्स यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) या कादंबरीचा आपल्याकडे विचार झालाच, तर तो बालसाहित्य म्हणून किंवा मियाझाकी यांच्या २००४ मधील चित्रपटाच्या निमित्ताने होतो. मराठी कादंबरीच्या अभ्यासकाने तिच्याकडे वळावे याचे कारण वेगळे आहे. मंतरलेल्या वास्तूची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न ती कथानकाच्या केंद्रस्थानी आणते.

टोप्या सजवणारी सोफी चेटकिणीच्या शापाने म्हातारी होते आणि जादूगार हाउलच्या चालत्या किल्ल्यात शिरून झाडलोटीच्या कामावर स्वतःच स्वतःची नेमणूक करते. हा किल्ला बाहेरून काळाकभिन्न, बुरुजांचा. आत मात्र कोळिष्टकांनी भरलेले एक जुनाट घर. किल्ला चालवणारा अग्निदैत्य कॅल्सिफर चुलीशी जखडलेला आहे. सोफी त्याला दमदाटी करून मान वाकवायला लावते आणि त्याच्यावर तवा ठेवते! येथील विनोद शाब्दिक कोट्यांवर उभा नाही. अलौकिक शक्ती संसाराच्या कामाला जुंपली जाते, तरी तिचे अलौकिकत्व उणावत नाही, या विसंगतीतून तो उद्भवतो. न्हाणीघर आवरताना सोफीकडून बाटल्यांची उलथापालथ होते, हाउलच्या केसांना भलताच रंग चढतो आणि संतापाने तो घरभर हिरवा चिकट द्रव पसरवतो. जादूचाही केर होतो आणि तो कोणाला तरी काढावा लागतो, ही जाणीव मला या कादंबरीचे मर्म वाटते.

‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या अद्भुतरम्य जगात या जाणिवेला स्थान नाही. आपल्या समाजाच्या नित्य व्यवहारात कादंबरीला पुरेसे रम्य काही नसल्याने अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाची भूमिका रिसबुडांनी प्रस्तावनेत मांडली होती. पुढे हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ने घरातील स्त्रीचे कष्ट वास्तववादाकडे नेले. अद्भुत राजवाड्यात राहिले आणि घरकाम दुःखकथेत गेले.

मराठीत ही फारकत मुळातली नव्हे. अहमदपुराहून फार दूर नसलेल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. तिच्यासोबत विठ्ठल दळतो, गोवऱ्या वेचतो. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षे पाणी भरतो. एका आख्यायिकेत तर देव घाईघाईत जनाबाईची वाकळ पांघरून राउळात परततो आणि आपले पदक तिच्याकडे विसरतो. प्रसंग हसू आणणारा आहे. पण पदकाच्या चोरीचा आळ दासीवर येतो आणि तिला सुळावर चढवण्यापर्यंत मजल जाते. देवाच्या विसरभोळेपणाची किंमत कोण मोजते, हे लोकपरंपरेने नेमके हेरले आहे.

या आख्यायिकांना विनोदी कथनाच्या पंक्तीला बसवल्याने भक्तिभावाला बाधा येते, असा आक्षेप येऊ शकेल. मला तो मान्य नाही. भक्ती आणि हसू यांचे वैर नंतरच्या सोवळ्या अभिरुचीने कल्पिले आहे. अधिक गंभीर अडचण निराळीच आहे. सोफी काम निवडते, भांडते, आणि तिच्या बोलण्यानेच निर्जीव वस्तूंत प्राण येतो. जनाबाईचे दास्य निवडलेले नाही. ते तिच्या जातीने आणि दारिद्र्याने आधीच ठरवलेले आहे. देव जात्याला हात लावतो, तरी जाते तिच्यापुढून हटत नाही.