जमिनीचा कागद आणि जमिनीची कहाणी

मराठी ग्रामीण साहित्यात जमीन सर्वत्र आहे. जमिनीवरील हक्क मात्र क्वचितच साहित्याचा मध्यवर्ती विषय झाला. पेरणी, दुष्काळ, भाऊबंदकी, मातीची ओढ यांची चित्रे विपुल आहेत. परंतु जमीन कोणाच्या नावावर आहे, ते नाव कोणी आणि केव्हा लावले, आणि ज्याचे नाव कोठेच लागले नाही त्याचे काय झाले, हे प्रश्न बहुधा तलाठ्याच्या दप्तरातच राहिले. ते तेथून बाहेर काढणाऱ्या कृतींपैकी गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) आणि विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) या दोन कृती एकत्र वाचल्यास मराठी वाङ्मयातील एका महत्त्वाच्या प्रवाहाचे स्वरूप ध्यानात येते. या दोन्ही कृतींना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, पहिलीला १९७२ मध्ये व दुसरीला १९९२ मध्ये. असे असूनही ‘दस्तऐवज’ या शब्दात त्यांची बोळवण करण्याची समीक्षेची सवय पुरती सुटलेली नाही.

परुळेकरांच्या पुस्तकाची भूमी ठाणे जिल्ह्याच्या तत्कालीन डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांची. १९४५ मध्ये तेथे वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेली, आणि तिच्याबरोबर माणूसही गेलेला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी बायकोसह मालकाच्या घरी राबणारा ‘लग्नगडी’ ही त्या व्यवस्थेची सर्वांत दारुण निर्मिती होय. या निवेदनाचे सामर्थ्य त्याच्या क्रमात आहे. लेखिका प्रथम भीती दाखवते, मग भीती मोडण्याचा क्षण, आणि त्यानंतरच मागणी. हक्काची भाषा उच्चारण्यापूर्वी माणसाला मान वर करावी लागते, हे येथे तत्त्व म्हणून सांगितलेले नाही; ते घटनांच्या ओघातून वाचकाच्या प्रत्ययास येते. मर्यादाही याच निवेदनपद्धतीत आहे. कथन संघटक स्त्रीचे आहे. वारल्यांचा आवाज तिच्या प्रमाण मराठीतून गाळून येतो. लेखिकेचा प्रामाणिकपणा निःसंशय असला, तरी हे अंतर वाचकाने विसरू नये.

त्यानंतरच्या काळात कायदा कुळाच्या बाजूने आला. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कागदावर उतरली. कागदावर उतरली, हे शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचे आहेत. सातबाऱ्यातील सात क्रमांकाचा नमुना मालकी व हक्क सांगतो, बारा क्रमांकाचा पिके सांगतो. पीकपाहणीत कसणाऱ्याचे नाव लागले की नाही, या एका नोंदीवर कित्येक कुळांचे भवितव्य अवलंबून राहिले. सुधारणेचा कायदा ज्या दप्तरातून जमीन देत होता, त्याच दप्तरातून १८९४ चा भूसंपादन कायदा ती काढूनही घेत होता. मराठी साहित्याने या दुहेरी सत्याकडे पाहावयास बराच काळ घेतला.

‘झाडाझडती’चे मोल येथे आहे. धरणाविरुद्धचा लढा महाराष्ट्राला नवा नव्हता. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह १९२१ मध्येच सुरू झाला होता. नवे होते ते पुनर्वसनाचे यंत्र. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदाराकडून जमीन घेऊन ती विस्थापिताला द्यावयाची, हे त्याचे सूत्र न्याय्य होते. पण त्यामुळे बुडणारे गाव आणि भिजणारे गाव समोरासमोर उभे राहिले. जांभळी गाव उठते, खैरमोडे गुरुजींसारखा माणूस अर्ज-विनंत्यांच्या फेऱ्यांत झिजत जातो, आणि विकासाचे आश्वासन कार्यालयाच्या पायऱ्यांवर विरून जाते. प्रशासकीय सेवेत राहिलेल्या लेखकाला ही वाट आतून ठाऊक आहे. ‘झाडाझडती’ हा शब्दच मुळी सत्तेच्या व्यवहारातला, तपासणीचा. कादंबरी तो उलटवते आणि झडती घेणाऱ्यांचीच झडती घेते.

या कादंबरीत प्रसंगांची दाटी आहे, संतापाचा स्वर अनेकदा चढा राहतो, हे आक्षेप मान्य करावे लागतात. परंतु तपशिलाच्या ओझ्याविषयीची तक्रार मात्र तपासून घ्यावी लागते. नोटिसा, मोजण्या, मोबदल्याचे तक्ते हे येथे पार्श्वभूमीचे साहित्य नव्हे; पात्रांच्या नशिबावर सर्वाधिक सत्ता चालवणारे पात्र तेच आहे. ते कमी केले तर उरेल केवळ करुणा, आणि करुणेला कोणत्याही कार्यालयात जबाब द्यावा लागत नाही.

हा प्रश्न एका राज्यापुरता नाही. १९५६ पर्यंत विदर्भ आणि जबलपूर एकाच राज्यात होते. तेथील अनुभव मराठी वाचकाला परका वाटू नये. गोहलपुरासारख्या दाट मोहल्ल्यांच्या त्या जबलपूर शहरापासून नर्मदेवरील बरगी धरण फार दूर नाही. सत्तरच्या दशकात काम सुरू झालेले हे धरण १९९० मध्ये भरले. बाधित गावे १६२, त्यांत गोंड आदिवासींची संख्या मोठी. उठलेल्यांपैकी कित्येकांनी जबलपुरात रिक्षा ओढली, मजुरी केली. १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळाला: जमीन गेली त्याच पाण्यावर. नावेत बसून आपल्या बुडालेल्या शेतावर जाळे टाकणारा माणूस ‘लाभार्थी’ की ‘बाधित’, हे कोणताही तक्ता ठरवू शकत नाही. ते काम कथनाचे.

कारण तक्त्यात रकाना असतो तो खातेदाराला. शेतमजूर, बलुतेदार, रानावर जगणारा आदिवासी आणि घरातील स्त्री यांना तो क्वचितच मिळतो. वनहक्क कायदा २००६ चा; १८९४ चा कायदा जाऊन नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. रकाने वाढले, तरी गायरान, पाणंद, मसणवटा आणि देवराई यांवरील सामाईक वहिवाटीचा मोबदला मोजण्याचे माप पुरेसे सापडलेले नाही. परुळेकरांनी नाव नसलेल्या माणसाला उभे केले. पाटलांनी नाव असूनही बेदखल झालेल्याची कहाणी सांगितली. यापुढील लेखनाची कसोटी अवघड आहे: ज्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर कधी लागले नाही, त्याने स्वतःच्या बोलीत आपली जमीन सांगावी. तशी कृती हाती येईल तेव्हा तिला ‘दस्तऐवज’ म्हणून बाजूला ठेवण्याची चूक समीक्षेने पुन्हा करू नये. ज्यांच्याजवळ दस्तऐवजच नाही, त्यांच्या हक्काचा पहिला पुरावा त्यांची कहाणी असते.