खुर्चीतला सूत्रधार : 'मास्टरपीस थिएटर'कडे पुन्हा बघताना

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने मला जिन्यात गाठलं आणि म्हणाला, सर, तुम्ही सौंदर्यशास्त्रावर बोलता तेव्हा उदाहरणं कायम चित्रांची नाहीतर नाटकांची देता, टीव्हीचं कधीच देत नाही. तक्रार रास्त होती. म्हणून आज टीव्ही. तोही माझ्या ओळखीचा, म्हणजे जुना.

सत्तरच्या दशकात मी पीएच.डी.साठी अमेरिकेत होतो. रविवारी रात्री नऊ वाजता वसतिगृहाच्या सामायिक खोलीत आम्ही सातआठ जण जमायचो. तुतारी वाजायची. जाँ-जोसेफ मूरे नावाच्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच संगीतकाराची ती रचना. म्हणजे इंग्रजी नाटक, अमेरिकी वाहिनी आणि फ्रेंच तुतारी! मग पुस्तकांनी भरलेली खोली, चामड्याची खुर्ची आणि खुर्चीत अ‍ॅलिस्टर कुक. हेच 'मास्टरपीस थिएटर'. बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने १० जानेवारी १९७१ रोजी 'द फर्स्ट चर्चिल्स'पासून ते सुरू केलं. त्याआधी बीबीसीची 'द फॉरसाइट सागा' ही सव्वीस भागांची मालिका अमेरिकेत अनपेक्षितपणे चालली होती, त्यातून ही कल्पना निघाली. पैसा मोबिल या तेल कंपनीचा, थेट २००४ पर्यंत. पीबीएसमधला 'पी' पेट्रोलियमचा, असा विनोद तेव्हा सर्रास चालायचा.

आता नावाकडे बघा. 'मास्टरपीस' हा मूळ कारागिरांच्या श्रेणीतला शब्द. उमेदवाराने आपल्या हाताने एक वस्तू घडवायची, श्रेणीतल्या जाणत्यांनी ती उलटीपालटी करून तपासायची आणि पसंत पडली तर तो उस्ताद. म्हणजे आधी कृती, मग परीक्षा, मग नाव. इथे क्रम उलटा झाला. मालिकेचा पहिला भाग दिसायच्या आधीच ती श्रेष्ठ ठरलेली. कान्ट सांगतो की सौंदर्याचा निर्णय ज्याचा त्याने, स्वतः अनुभव घेऊनच करायचा असतो. दुसऱ्याच्या साक्षीवर तो करता येत नाही. आम्ही दिवसा वर्गात कान्ट वाचायचो आणि रविवारी रात्री कुकच्या साक्षीवर बिनतक्रार विसंबायचो.

त्यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे संस्कृत नाटकात सूत्रधार असतोच की. असतो, पण तो प्रस्तावना करतो आणि जातो. कुक परत यायचा. भाग संपला की आपण काय पाहिलं ते सांगायला खुर्चीत हजर. या अर्थाने तो आपल्या कीर्तनकाराला जवळचा, आख्यान मध्येच थांबवून निरूपणाकडे वळणारा. यामागे एक साधं व्यावहारिक कारणही होतं, बरं का. बीबीसीचे भाग पन्नास-पंचावन्न मिनिटांचे, त्यात जाहिराती नाहीत. तासाचा उरलेला वेळ कशाने तरी भरायला हवा. पण माणूस नेमका निवडला होता. सॅलफर्डमध्ये जन्मलेला, १९४१ साली अमेरिकी नागरिक झालेला, बीबीसी रेडिओवरून ब्रिटिशांना अमेरिका समजावून सांगणारा. इथे तो अमेरिकनांना ब्रिटन समजावून सांगायचा. आवाज मऊ, माहिती पक्की, थोडा मिस्कीलपणा. 'सेसमी स्ट्रीट'वाल्यांनी बिस्किटं खाणाऱ्या राक्षसाला त्याच्यासारखं खुर्चीत बसवून 'मॉन्स्टरपीस थिएटर' काढलं. उत्तम विडंबन, जमलं तर जरूर पाहा.

१९७४ पासून 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' दिसू लागली. जीन मार्श आणि आयलीन अ‍ॅटकिन्स या दोन अभिनेत्रींची ही कल्पना. बड्या घरातली गोष्ट मोलकरणींच्या बाजूने सांगायची. मार्श स्वतः त्यात रोझ झाली. मालिकेचे एकूण अडुसष्ट भाग, पण तेव्हा अमेरिकेत तेरा भाग दाखवलेच नाहीत. त्यात सुरुवातीचे, ब्रिटनमधल्या तंत्रज्ञांच्या संपामुळे कृष्णधवल चित्रित झालेले भाग होते. मी ते पुष्कळ वर्षांनी पाहिले आणि वाटलं, या घराचा तळमजला मला तेव्हा जरा कमीच दाखवला गेला होता. माझं मत असं की संग्रहाचा संपादक जे गाळतो तेही भाष्यच असतं, आणि ते खुर्चीत बसून केलेल्या भाष्यापेक्षा अवघड, कारण ते ऐकू येत नाही.

'आय, क्लॉडियस'बद्दल फार बोलत नाही. डेरेक जेकोबीचं काम आजही अंगावर येतं. पुठ्ठ्याचं रोम आणि अस्सल भय. तिथे प्रस्तावनेची काही गरज नव्हती.

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे वळतो. १९८४ च्या हिवाळ्यात मी एका सत्रासाठी पुन्हा अमेरिकेत होतो, एका वयस्क बाईंच्या घरी भाड्याने राहत होतो. डिसेंबरपासून 'द ज्युएल इन द क्राउन' सुरू झाली. ग्रॅनडाची, चौदा भागांची, पॉल स्कॉटच्या चार कादंबऱ्यांवरची. बाई मला दर रविवारी हॉलमध्ये बोलवायच्या, चहा करायच्या, आणि मी आवडीने जायचो.

गोष्ट सुरू होते ऑगस्ट १९४२ मध्ये. डॅफ्नी मॅनर्स या इंग्रज तरुणीवर बलात्कार होतो आणि पोलीस अधिकारी मेरिक तिच्या भारतीय मित्राला, हरी कुमारला, पकडतो. हरी इंग्लंडात वाढलेला, त्याला हिंदी येत नाही. पुढे तुरुंगात त्याची जबानी होते तो भाग मी आजवर टीव्हीवर पाहिलेल्या सर्वोत्तम गोष्टींपैकी एक. नुसतं एक टेबल. मेरिकने त्याच्याशी काय केलं ते हळूहळू बाहेर येतं. टिम पिगॉट-स्मिथचा मेरिक आणि आर्ट मलिकचा हरी. साम्राज्य नुसतं लाठीने चालत नाही, समोरच्याला त्याची पायरी दाखवण्याच्या वासनेवर चालतं, हे असं उघडं करून दाखवणारं आपल्याकडचं किती लेखन तुम्हाला आठवतं? मला फार थोडं.

त्या रात्री बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, तुमच्या घरच्यांनाही असं काही सोसावं लागलं का? मी म्हणालो, वडील बेचाळीस साली आठ महिने येरवड्याला होते. त्यांनी मनापासून हळहळून विचारलं, "कशाबद्दल? त्यांच्यावर काय आरोप होता?"

उपरोध नव्हता. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. मालिकेत बेचाळीसची चळवळ आहे, पण ती जमाव, जाळपोळ, पळापळ अशी. कोणा एकीवर कोसळणाऱ्या संकटाची पार्श्वभूमी म्हणून. गवालिया टँकवर ८ ऑगस्टला काय ठरलं, ते ठरवणारी माणसं काय विचार करत होती, एखादा शाळामास्तर घरी दोन लहान मुलं असताना आपणहून अटक का करून घेतो, हे समजायला तिथे जागा नव्हती. आणि हरी? जबानीनंतर तो पडद्यावरून जवळजवळ नाहीसाच होतो. उरलेले भाग लेटन कुटुंबाचे, मेरिकचे, पेगी अ‍ॅशक्रॉफ्टच्या बार्बीचे.

सलमान रश्दींनी त्याच वर्षी ही तक्रार केली होती की आपल्याच इतिहासात भारतीयांना किरकोळ भूमिका मिळतात. ते मला मान्य आहे. पण त्यांच्या फटकाऱ्यात तो तुरुंगातला प्रसंगही वाहून जातो, ते मान्य नाही. कृती खोटी नाही. स्कॉट इंग्रजांच्या अपराधाबद्दल लिहीत होता, आणि त्याबद्दल खरंच लिहीत होता. चूक दुसरीकडे आहे. तुतारी, खुर्ची, पुस्तकांची कपाटं आणि 'मास्टरपीस' हे नाव, या सगळ्यामुळे एका बाजूची कबुली ही पूर्ण साक्ष वाटू लागते. हॉलमधल्या बाईंना वाटलं, आपल्याला आता सगळं कळलं.

आणि माझं काय? मी काय उत्तर दिलं, तेही सांगतो. मी म्हणालो, राजकीय आरोप होता, मोठी गोष्ट आहे, पुन्हा कधीतरी सांगेन. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, चहा घेतला, तुतारी वाजली. ती मोठी गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नाही. त्यांनीही विचारली नाही. माझ्यावरही त्या खुर्चीचा दाब होता. आपली गोष्ट त्या खोलीत अडाणी वाटेल, असं मला वाटलं. कान्ट शिकवणारा माणूस मी!

कुक १९९२ ला निवृत्त झाला, मग रसेल बेकर आला, २००८ मध्ये नावातलं 'थिएटर' गळून नुसतं 'मास्टरपीस' राहिलं, आणि २०११ पासून 'डाउनटन अ‍ॅबी'ने सगळ्यांवर कडी केली. त्यातली इस्टेट एका अमेरिकी वारसदारणीच्या पैशावर तगलेली आहे, हे अमेरिकी प्रेक्षकाला किती गोड वाटलं असेल! देखणी मालिका आहे. मी सगळी पाहिली. पण तिथले नोकर मालकांच्या सुखासाठी इतके झुरतात की मला हडसन बटलर आठवत राहिला. त्याच्या निष्ठेत निदान थोडी भीती होती.

घड्याळ दिसतंय मला. मागच्या वेळी जिन्यात गाठणारा तो तरुण आज आलाय का? पहिला प्रश्न त्याचा घेऊ.