'स्नो क्रॅश'मधील रस्ता आणि आभासी भूखंडांचे खरेदीदार

नील स्टीव्हन्सन यांची 'स्नो क्रॅश' ही कादंबरी १९९२ साली प्रसिद्ध झाली. 'मेटाव्हर्स' हा शब्द तिचाच. २०२१ च्या ऑक्टोबरात फेसबुक कंपनीने 'मेटा' हे नाव धारण केल्यावर आभासी जमिनीच्या खरेदीची जी लाट उसळली, तिच्या समर्थनार्थ या कादंबरीचा हवाला वारंवार दिला गेला. तो कितपत ग्राह्य आहे, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच वाङ्मयसमीक्षेच्याही कक्षेत येतो. कारण येथे एका उपरोधप्रधान कृतीचे वाचन जाहिरातपत्रकासारखे झाले आहे.

कादंबरीतील 'रस्ता' ६५,५३६ किलोमीटर लांबीचा आहे. त्यावर बांधकाम करावयाचे तर दर्शनी जागा विकत घ्यावी लागते, परवानग्या मिळवाव्या लागतात, निरीक्षकांचे हातही ओले करावे लागतात. त्यातून जमणारा पैसा एका विश्वस्त निधीत जातो आणि त्या निधीवर ही सृष्टी उभी ठेवणारी यंत्रसामग्री चालते. याहून महत्त्वाचे असे की, तेथे अंतर खरे आहे. मनात येईल तेथे प्रकट होण्याची मुभा नाही. स्वतःच्या घरी किंवा ठरावीक स्थानकावर उतरावे आणि पुढचा मार्ग कापावा. मोक्याच्या जागेस मोल येते ते यामुळेच.

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहावा. 'डिसेंट्रालँड'मध्ये सुमारे ९०,००० भूखंड असून प्रत्येक १६ मीटर लांब व तितकाच रुंद आहे. 'सँडबॉक्स'मध्ये त्यांची संख्या १,६६,४६४ ठरविण्यात आली. संख्या ठरलेली, म्हणून जमीन दुर्मीळ, असा खरेदीदारांचा युक्तिवाद. २०२१ च्या नोव्हेंबरात पहिल्या ठिकाणी एका व्यवहारात सुमारे २४ लाख डॉलर, तर दुसऱ्या ठिकाणी ४३ लाख डॉलर मोजले गेले. २०२२ मध्ये भाव कोसळले. परंतु डिसेंट्रालँडमध्ये भूखंडाचे निर्देशांक लिहिताच क्षणात तेथे पोहोचता येते. जेथे चालावे लागत नाही, तेथे हमरस्त्यालगतचा भूखंड आणि कोपऱ्यातला भूखंड यांत भेद तो कोणता? शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या लिलावात जमिनीपोटी भरलेले 'माना' हे चलन चक्क नष्ट करण्यात आले. कादंबरीत जमिनीचा पैसा सृष्टीच्या देखभालीस लागतो. येथे तो टंचाई वाढविण्यासाठी होमात पडला. मराठी वाचकास परिचित भाषेत सांगावयाचे, तर या दप्तरात साताचा उतारा आहे, बाराचा नाही: हक्काची नोंद चोख, पिकाचा रकाना कोरा.

सर्वच खरेदीदारांस हे लागू पडत नाही. 'एंट्रोपिया युनिव्हर्स' या खेळातील एक लघुग्रह जॉन जेकब्स यांनी २००५ मध्ये १ लाख डॉलरना घेतला व २०१० मध्ये ६ लाख ३५ हजारांना विकला. मधल्या काळात त्यांनी तेथे क्लब चालविला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून उत्पन्न मिळविले. त्यांच्या उताऱ्यावर बारा होता.

कादंबरीचे वाचन कोठे चुकले हे नायकाच्या चरित्रात स्पष्ट दिसते. रस्त्याभोवती काळोख होता तेव्हाच हिरो व त्याच्या मित्रांनी तेथे जागा घेतली, आणि पुढे त्यांपैकी काही गडगंज झाले. गुंतवणूकदाराची स्मृती एवढ्यावरच थांबते. तोच हिरो वास्तवात वीस बाय तीस फुटांच्या गोदामी खोलीत भागीदारीने राहतो, हे त्याच परिच्छेदाच्या आसपास सांगितलेले असूनही नजरेआड होते. लेखकाचा विनोद या दोन घरांच्या विसंगतीवर उभा आहे. एक घर काढून घेतले, की उरते ती दलालाची कथा.

अर्थात दोष केवळ वाचकांचा नव्हे. २०२२ मध्ये स्टीव्हन्सन स्वतःच 'लॅमिना१' या ब्लॉकचेन उपक्रमाचे सहसंस्थापक झाले, तेव्हा उपरोधाची धार त्यांच्याच हातून बोथट झाली असे म्हणावे लागते. कादंबरीतही रस्त्याच्या अर्थकारणाचा धागा पहिल्या काही प्रकरणांनंतर सुटतो. कथानक सुमेरी पुराणकथांकडे वळते. हिरोच्या आभासी घराचा पुढे ठळकपणे दिसणारा उपयोग एकच: तेथे यंत्ररूपी ग्रंथपाल अवतरतो आणि हिरो त्याला प्रश्न विचारीत बसतो.